डब्यातली ताकद आणि घरची नाचणी
(पावस येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नव्हे. एका हडकुळ्या मुलीचा बाप म्हणून बोलणार आहे. ती चार वर्षांची असताना मी आखातात नोकरीस होतो. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पौष्टिक पावडरीचे डबे घरी पाठवीत असे. सुट्टीत आलो, तेव्हा पाहतो तो काय, पेला दिसला की पोर दादीच्या मागे लपते आणि तिची आई बळेच पाजते. एकदा तर प्यायलेले सारे ओकून टाकले. मी पत्नीलाच रागावलो. चूक तिची नव्हती, हे मला अंगणवाडीच्या ताईंनी समजावले.

त्यांनी विचारले, “मुलगी सकाळी काय पिते?” उत्तर होते, चहा! जेवणाच्या तोंडावर गोड पावडरीचा पेला. मग भूक लागावी कशी? शिवाय चहामुळे अन्नातले लोह अंगी नीट लागत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले कमी वजनाची आढळली. तेव्हा हा एका घराचा प्रश्न नाही. डब्यावरच्या जाहिरातीनेही भुलू नये. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढावयास सांगितले. अनेक डब्यांत साखरेचा भाग बराच असतो.

आपल्या कोकणात नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवून, मंद भाजून दळावी व चाळावी. मोड आल्याने पिठूळपणा कमी होतो. पेज पातळ राहते, पचण्यास हलकी होते. दोन चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग ढवळत शिजवून दूध आणि चमचाभर तूप घालावे.

आता मुलाने ते प्यावे कसे? रंग पाहूनच माझी मुलगी म्हणाली, “चिखल!” रमजानातला खजूर उरला होता. बिया काढून, भिजवून, वाटून घातला आणि तिला सांगितले, “तूच ढवळ.” त्या दिवशी दोन घोट गेले. आम्ही आग्रह केला नाही. कित्येक मुलांना नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याखेरीज रुचत नाही. हापूसच्या दिवसांत रस घातला, एरवी केळे. पेला लहान ठेवला, पेज कोमट ठेवली, वेळ जेवणाआधी दोन तास. महिन्याभरात ती स्वतः मागू लागली.

मात्र पेय म्हणजे जेवण नव्हे. डाळ-भात, अंडे, मासळी हवीच. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. वजन दर महिन्यास अंगणवाडीत पाहावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा वजन घटतच गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

परदेशी असलेल्या बंधूंना माझी विनंती आहे. डबा पाठवलात म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नका, आणि मूल अशक्त राहिले म्हणून त्याच्या आईला दोष देऊ नका. विद्यार्थिनींनो आणि विद्यार्थ्यांनो, धाकट्या भावंडांची पेज तुम्हीही ढवळून द्या.