वाटेवरची ओळख

आगगाडीच्या डब्यांत जमलेली ओळख किती लवकर रंगते, याचा अनुभव बहुतेक प्रवाशांस असतो. दौंड मागें पडेपर्यंत शिदोरी सुटते, दशमीबरोबर लोणच्याची फोड या बाकावरून त्या बाकावर जाते, मुलांचीं नांवें विचारलीं जातात, आणि उतरण्याची वेळ आली म्हणजे “आमच्या गांवीं आलांत तर घरीं आल्यावांचून जाऊं नका” असा आग्रह होतो. पूर्वी पत्ता चिठोऱ्यावर लिहून घेत. आतां दूरध्वनीचा क्रमांक टिपून घेतात. पण चिठोरें कोटाच्या खिशांतून परटाकडे गेलें काय, किंवा क्रमांक शेंकडों क्रमांकांत पडून राहिला काय, शेवट एकच. महिन्याभरानें चेहरा आठवतो, नांव आठवत नाहीं. यांत कोणी लबाड असतो असें नाहीं. निरोपाच्या वेळचा शब्द खराच असतो. मात्र तो पुढें जगविण्याचें काम कोणी अंगावर घेत नाहीं.

तें काम अंगावर घेतल्याचें एक फार जुनें उदाहरण मनांत ठेवण्यासारखें आहे.

सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा चिनी भिक्षु धर्मग्रंथांच्या शोधार्थ भारतांत आला. त्यानें महाराष्ट्रहि पाहिला, आणि येथील लोक उपकारकर्त्यास विसरत नाहींत व वैऱ्यास सोडीत नाहींत, असें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें. पण त्याचा मोठा मुक्काम घडला तो मगधांत, नालंदा येथें. आचार्य शीलभद्रांच्या चरणांपाशीं बसून त्यानें तेथें योगाचारभूमिशास्त्राचें अध्ययन केलें. ज्ञानप्रभ हा त्याच आचार्यांचा शिष्य. म्हणजे ह्युएनत्संगाचा गुरुबंधु. दुसरा परिचित प्रज्ञादेव. हा हीनयानाचा पंडित, तर ह्युएनत्संग महायानाचा अभिमानी. कनोज येथें धर्मसभेच्या वेळीं दोघांचा वाद झाला, शब्द तिखट झाले, आणि प्रज्ञादेवाला खालीं पाहावें लागलें. त्यानंतर ही ओळख तुटली असती तर कोणास नवल वाटलें नसतें.

इ. स. ६४५ मध्यें ह्युएनत्संग ६५७ ग्रंथ घेऊन चांगआन या राजधानीस परत पोंचला आणि भाषांतराच्या कामांत बुडून गेला. मध्यें पामीरचे बर्फाळ घाट होते, वाळवंटें होतीं, महिनोन्‌महिने चालण्याचा रस्ता होता. पत्र पाठवावयाचें तर त्याच्याबरोबर माणूसच पाठवावा लागे, आणि तो सुखरूप पोंचेल याची शाश्वति नसे.

असें असतां सात वर्षांनीं, ६५२ सालीं, बोधगयेच्या महाबोधि विहारांतील एक भिक्षु चांगआन येथें येऊन ठेपला. ह्युएनत्संगाच्या चिनी चरित्रांत त्याचें नांव फा-चांग असें दिलें आहे. त्याच्यापाशीं एक पत्र होतें, एक स्तोत्र होतें आणि पांढऱ्या सुती कापडाचे दोन तागे होते. वाट लांबची आहे, तेव्हां भेटीच्या लहानपणाकडे पाहूं नये, अशी पत्रांत विनंति होती. आणि जे ग्रंथ हवे असतील त्यांची यादी कळविल्यास नकला करून पाठवूं, असें आश्वासनहि होतें. पत्रांत ज्ञानप्रभाचा नमस्कार होता; पण तें लिहिलेलें होतें प्रज्ञादेवाच्या नांवानें. वादांत जो हरला होता, त्यानेंच प्रथम हात पुढें केला!

फा-चांग ६५४ सालीं परत निघाला, तेव्हां ह्युएनत्संगानें त्याच्याजवळ दोन उत्तरें दिलीं. पहिलें ज्ञानप्रभाला. शीलभद्रांच्या निधनाची वार्ता त्याला एका वकिलाकडून आधींच कळली होती. तो शोक त्यानें गुरुबंधूपाशीं मोकळा केला, आणि त्यांच्यापाशीं शिकलेल्या शास्त्रासह तीसांहून अधिक ग्रंथ आपल्या भाषेंत उतरले, हेंहि कळविलें. गुरूला याहून दुसरी तिलांजलि कोणती? त्याबरोबर एक यादी जोडली. परत येतांना सिंधु नदींत एका घोड्याच्या ओझ्याइतके ग्रंथ बुडाले होते. त्यांतले मिळतील ते धाडावे, असें मागणें होतें.

दुसरें उत्तर प्रज्ञादेवाला. सभेंत आपले शब्द कठोर गेले हें त्यानें कबूल केलें, आणि सभा संपली तेव्हांच मनांतलें किल्मिषहि संपलें असें सांगितलें. पण आपलें मत मात्र सोडलें नाहीं. महायान स्वीकारावें असा त्याच पत्रांत पुन्हां आग्रह धरला. स्नेहासाठीं खोटें बोलण्याची त्याला गरज वाटली नाहीं.

आतां या दोन पत्रांमध्यें काय आहे तें पाहावें. नुसती खुशाली किती दिवस विचारणार? दोन-तीन पत्रांत ती आटून जाते. येथें एकानें कांहीं देऊं केलें, दुसऱ्यानें संकोच न करितां कांहीं मागितलें. दोघांचें एक दुःख होतें आणि एक न मिटलेला वाद होता. वाटेवरची ओळख टिकते ती अशा अपुऱ्या राहिलेल्या कामावर. मागणें म्हणजे ओझें घालणें, असें सभ्य माणसांस वाटतें. वस्तुतः मागणाऱ्यानें समोरच्याला आपल्या आयुष्यांत जागा दिलेली असते.

म्हणून प्रवासाहून परत आलेल्यानें आठ दिवसांच्या आंत एक पत्र लिहावें, आणि त्यांत एखादी नेमकी गोष्ट घालावी: त्या लोणच्याची कृति विचारावी, बोलण्यांत निघालेल्या पुस्तकाचें नांव कळवावें, किंवा डब्यांत चढलेला आवाज मनावर घेऊं नये असें लिहावें. उत्तरास उशीर लागला तर लागूं द्यावा. ह्युएनत्संगाचें उत्तर निघावयासहि दोन वर्षें लागलीं. दोन घरांच्या मध्यें आज पामीर उभा नाहीं. आळस तेवढा उभा आहे, आणि तो ओलांडण्यास एक पत्र पुरतें.