तुकडा कशाला म्हणायचे?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकवणारा, वकील नव्हे. तरी पेरणीचे बोलणे संपले की तुम्ही हटकून विचारता, "सर, भावाभावांत वाटणी किती गुंठ्यांपर्यंत चालते?" उत्तर एका शब्दाच्या व्याख्येत आहे.

आपण कोणत्याही लहान वावराला तुकडा म्हणतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात मात्र 'प्रमाणभूत क्षेत्रा'पेक्षा कमी जमीन म्हणजे तुकडा. हे क्षेत्र जमिनीच्या वर्गावर ठरते. 2023 पासून ते बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस 20 व बागायतीस 10 गुंठे आहे.

समजा, दोन भावांची 30 गुंठे जमीन आहे. बागायत असेल तर 15-15 गुंठ्यांची वाटणी बसते. जिरायत असेल तर दोन्ही हिस्से तुकडे ठरतात आणि तशी वाटणी कायद्याविरुद्ध होते. बांध तोच, माती तीच! म्हणून सातबाऱ्यावरची नोंद आधी पाहा. विहीर पाडली, ऊसही उभा आहे, पण पीक पाहणीत त्याचा पत्ता नाही, असे फार आढळते.

पूर्वीपासूनचा तुकडा विकायचा झाल्यास तो लगतच्या जमीनधारकालाच देता येतो. 2025 मध्ये नागरी क्षेत्रातील व आराखड्यात बिगरशेती वापर ठरलेल्या जमिनींना सवलत मिळाली. तिचा हवाला शेतीच्या वावराला देऊ नका. स्टॅम्पपेपरवर गुंठे विकणारे नेमका तोच हवाला देतात.

वाटणीपत्र लिहिण्याआधी तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गटाचा वर्ग व क्षेत्र विचारून घ्या. भावालाही सोबत न्या.