सातवी शिकलेली बाई आणि मोठी जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात भाषण करू शकतील अशा शिकल्यासवरलेल्या बाया पुष्कळ आहेत. तरीही कार्यकारिणीने या वेळी मला उभे केले, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी मुलींच्या एका वसतिगृहात भोजनगृहाच्या प्रमुखाची जागा निघाली. मी अर्ज केला आणि मुलाखतीला गेले. तेव्हापासून दर चार दिवसांनी कोणीतरी विचारते, "अहो, सातवी शिकून तुम्ही तिथे बोललात तरी काय?" प्रत्येकीला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट जाहिरात वाचण्याची. आपण पगाराचा आकडा वाचतो, शिक्षणाची ओळ वाचतो आणि कागद खाली ठेवतो. तसे करू नये. सरकारी जागेला शिक्षणाची अट नियमाने ठरलेली असते. ती पुरी नसेल तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो, तेथे कितीही चांगले बोलून उपयोग नाही. खासगी संस्थांच्या जाहिरातीत मात्र दोन शब्द निरखून पाहावेत: 'आवश्यक' आणि 'प्राधान्य'. माझ्या जाहिरातीत मोठ्या स्वयंपाकाचा अनुभव आवश्यक होता आणि गृहविज्ञानाची पदविका असल्यास प्राधान्य होते. म्हणजे दार बंद नव्हते, अर्धे लोटलेले होते. तरीही मी आधी कार्यालयात फोन करून विचारले, "शिक्षण सातवी, चौदा वर्षे चाळीस डबे चालविते, अर्ज घ्याल का?" घेऊ म्हणाले, तेव्हाच अर्ज लिहिला.

दुसरी गोष्ट खरे बोलण्याची. शिक्षणाच्या रकान्यात स्पष्ट 'सातवी उत्तीर्ण' लिहावे. कोणी सल्ला देतात, "दहावीपर्यंत असे लिही, कोण बघतो?" बघतात, बायांनो! आणि पुढे उघडकीस आले तर नोकरीही जाते आणि नावही जाते. मुलाखतीत त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच एका वाक्यात सांगून टाकावे: "माझे शिक्षण सातवीपर्यंत आहे." एवढेच. त्याला "काय करणार, परिस्थिती नव्हती, वडील लवकर गेले" अशी शेपटे जोडू नयेत. समोरची माणसे आपल्या दुःखाची चौकशी करायला बसलेली नसतात. आपल्याला काम येते की नाही, हे त्यांना हवे असते.

आता तिसरी आणि खरी गोष्ट. मोठी जागा म्हणजे जास्त काम, असे आपल्याला वाटते. तसे नाही. मोठी जागा म्हणजे निराळे काम. हाताखालची बाई स्वयंपाक करते. प्रमुखाने स्वयंपाक करवून घ्यायचा, सामान पुरवायचे, हिशेब ठेवायचा आणि भांडण मिटवायचे. म्हणून मोठ्या जागेच्या मुलाखतीत "माझ्या हाताला चव आहे" हे शंभर वेळा सांगितले तरी ते पुरत नाही. आपण ठरविते कसे आणि दुसऱ्याकडून करवून घेते कसे, ते सांगावे लागते. गंमत अशी की घर चालविणारी प्रत्येक बाई हे रोज करते, पण कोणी विचारले तर म्हणते, "मी काही करत नाही, घरीच असते." हे वाक्य आधी जिभेवरून पुसले पाहिजे.

मी जाताना माझी जमाखर्चाची वही बरोबर नेली. चौदा वर्षांतल्या जाड वह्यांपैकी शेवटच्या वर्षाची. तीत रोजचे सामान, भाव, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, सगळे आहे. प्रमाणपत्र नसेल त्याने पुरावा न्यावा. वही टेबलावर ठेवल्यावर बोलणे सोपे झाले. त्यांनी विचारले, "चाळीस डबे आणि नव्वद मुली यांत फरक आहे, कसे निभावाल?" मी म्हणाले, दुपारच्या जेवणाला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरला तर नव्वद पानांना ७ किलो २०० ग्रॅम, आणि तूरडाळ माणशी ३५ ग्रॅम म्हणजे ३ किलो १५० ग्रॅम. पहिला आठवडा उरलेले अन्न रोज मोजून लिहीन आणि मग माप कमीजास्त करीन. आकडा सांगितला की ऐकणारा सावरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न असा होता: सकाळी पोळ्या लाटणाऱ्या दोघी आल्याच नाहीत तर काय कराल? आपल्यापैकी कोणीही चटकन म्हणेल, "मी स्वतः पदर खोचून उभी राहीन." ऐकायला छान, पण हे हाताखालच्या बाईचे उत्तर झाले. प्रमुख पोळ्या लाटत बसली तर दूध मोजून कोण घेणार आणि गॅसवाल्याला कोण बोलणार? मी सांगितले, त्या दिवशी पोळ्या रद्द करून मसालेभात आणि कढी करवीन. मुलींना तसे फळ्यावर लिहून कळवीन. आणि दोघी एकाच दिवशी का राहिल्या, ते दुसऱ्या दिवशी दोघींना वेगवेगळे विचारीन.

तिसरा प्रश्न संगणकाचा. मला तो येत नाही. "येत नाही" म्हणायला घाबरू नये, पण तेथेच थांबूही नये. मी म्हणाले, "येत नाही. हाताने लिहिलेला रोजमेळ रोज रात्री पुरा असेल. पहिले तीन महिने महिनाअखेरची बेरीज संगणकावर चढवायला कार्यालयातील कोणी बसावे, मी शेजारी बसून शिकेन." काय येत नाही, त्यावर तोडगा काय आणि किती दिवसांत, ही तीन पावले लक्षात ठेवावीत.

मग एका गृहस्थांनी विचारले, "तुमच्या हाताखाली बारावी झालेल्या मुली असतील. त्या सातवीवालीचे ऐकतील का?" प्रश्न टोचणारा होता. पण तो त्यांच्या मनात होताच, तोंडाने आला हे बरेच झाले. न विचारलेल्या शंकेला उत्तर देता येत नाही. मी म्हणाले, "सकाळी प्रत्येकीचे काम नावानिशी फळ्यावर लिहीन. जड भांडी पाळीपाळीने सगळ्यांकडे जातील, लाडकीला हलके काम मिळणार नाही. आणि मला न समजणारे त्यांना समजत असेल तर त्यांनाच विचारीन. मग ऐकतील." यावर ते काही बोलले नाहीत, मान मात्र हलविली.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे म्हणतात, तेव्हा "नाही" म्हणून उठू नये. मी तीन गोष्टी विचारल्या. सामान खरेदीवर सही कोणाची? बाईला कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा? आणि जागा देणार असाल तर कामाची यादी व पगार लेखी मिळेल का? जबाबदारी माझी आणि सही दुसऱ्याची असे असेल, तर ती जागा नावालाच मोठी.

आता तुम्ही विचाराल, जागा मिळाली का? नाही. ती पदविका असलेल्या एका बाईंना मिळाली आणि त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. त्यांनी शिक्षणही घेतले होते आणि कामही केले होते. पण आठ दिवसांनी संस्थेचा निरोप आला: कोठी आणि हिशेब सांभाळाल का, सकाळी सात ते अकरा? वही पाहिली होती म्हणून विचारले. मी कामाची यादी लेखी मागितली, त्यांनी दिली. घर आणि संसार सांभाळून ते काम मी आज करते आहे. मोठ्या जागेसाठी नीट बोलले नसते, तर ही छोटीही दिसली नसती.

आपल्या पूर्वीच्या बायांकडे पाहा. हिंगण्याच्या आश्रमासाठी झटलेल्या पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर मोठ्या वयात शिकायला बसल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ साली इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी दिवस काढले. १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली. जे येत नव्हते ते त्यांनी लपविले नाही, आणि त्यापायी पाऊलही अडवून धरले नाही.

पण एवढ्यावर समाधान मानू नये. चांगल्या बोलण्याने अर्धे लोटलेले दार उघडते, बंद दार उघडायला शिक्षणच लागते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगी रीतीने दहावीला बसता येते. मी चौकशी केली आहे, यंदा भरणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर मला आनंद होईल, गणिताला दोन डोकी बरी.

आणि मंडळाला एक विनंती. महिन्यातून एका गुरुवारी भजनानंतर अर्धा तास मुलाखतीचा सराव ठेवावा. तिघी साहेब होऊन बसाव्यात, एकीने उत्तरे द्यावीत. टोचणारे प्रश्न आपल्या माणसांकडून आधी ऐकले की परक्याकडून ऐकताना जीभ अडखळत नाही. अध्यक्षाबाईंनी परवानगी दिली तर पहिल्या गुरुवारी खुर्चीत बसून प्रश्न विचारायला मी तयार आहे. कोणाचीही गय करणार नाही!