जगायला आलेल्यांच्या शेजारी

(वार्षिक मित्रमेळाव्यात, मुंबईत सेवा करणाऱ्या एका तरुण कुटुंबातील भगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत.)



मला सांगितले आहे की वीस मिनिटे बोला आणि शक्यतो रडू नका. पहिले पाळीन, दुसऱ्याचे वचन देत नाही.

मी मूळची नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातली, कोकणा समाजातली. माझे यजमान अहिल्यानगर जिल्ह्यातले. आम्ही सहा वर्षांपासून मुंबईत, भायखळ्याजवळ नागपाड्यात राहतो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. पाणी पहाटे येते आणि संडास मजल्यावर सामाईक आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. लग्नानंतर आम्ही सेवेचा विचार करू लागलो, तेव्हा सगळ्यांना वाटले की आम्ही माझ्या माहेरच्या डोंगरात जाऊ. आम्हालाही तसेच वाटत होते. मग मुंबईत कशासाठी आलो?

आमच्याकडे आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्याकडे एक शब्द आहे, 'जगायला जाणे'. भात निघतो, नागली-वरई घरात येते, दिवाळी होते आणि मग माणसे पोराबाळांसह ठाणे, भिवंडी, वसई, मुंबईकडे निघतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. शिमग्याला गावी यायचे, पुन्हा जायचे आणि पावसाआधी परतायचे. कुठे निघालात विचारले तर म्हणतात, "जगायला." माझे वडीलही असेच जात. म्हणून आम्ही ठरवले की आपली माणसे अर्धे वर्ष जिथे असतात तिथे कोणीतरी आधीच राहायला हवे.

रूथचे पुस्तक तुम्ही सर्वांनी वाचले आहे. त्याची सुरुवात दुष्काळाने होते. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर, आणि तिथेच भाकर नाही म्हणून एलीमलेख बायको-मुलांना घेऊन मवाबात जातो. आमच्या भाषेत तो जगायला गेला. तिथे तो वारला, पुढे दोन्ही मुलगे वारले आणि नामी रिकाम्या हाताने परतली. ते पुस्तक मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते आमच्या गावाचे पुस्तक आहे हे मला नागपाड्यात आल्यावर कळले.

या वस्तीत ख्रिस्ती माणसांनी शेजारी होऊन राहणे काही नवे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत आले. पुढे याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी नागपाड्यात नेबरहुड हाऊस उभे केले. गिरणी कामगार आणि दाटीत राहणारी गरीब कुटुंबे यांच्यासाठी ते होते, आणि त्याचे दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडे होते. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 साली त्याच घरात सुरू झाली. त्यांच्या कामाशी आम्ही आमची तुलना करत नाही. पण त्या रस्त्याने जाताना धीर येतो.

आमचे काम साधे आहे. सकाळी आमचे हे साइटवर जाऊन कोणती कुटुंबे नवी आली ते पाहतात. संध्याकाळी आमच्या खोलीत मुलांचा वर्ग असतो. गेल्या मोसमात चौदा मुले होती. आम्ही भिंतीला टेकून बसायचो आणि चपला जिन्यावर ठेवायचो. बाकीचा वेळ कागदांत जातो. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणले तर काम आणखी सोपे होते. रेशन कार्ड गावचे असले तरी धान्य मुंबईत उचलता येते. बांधकाम कामगाराने वर्षात नव्वद दिवस काम केले असेल तर त्याची कल्याण मंडळात नोंदणी होते. हे सगळे कायद्यात आहे. पण मोखाड्याहून आलेल्या बाईला ते कोण सांगणार, आणि खिडकीपाशी तिच्याबरोबर कोण उभे राहणार? ते उभे राहणे हीच आमची सेवा. तुम्ही कोण, असे कोणी विचारले तर आम्ही प्रभूचे नाव सांगतो. मदतीसाठी मात्र काही अट नाही.

आता जे सांगायला आले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एका साइटवरच्या पत्र्याच्या झोपड्या अचानक हटवल्या. मोखाड्याचे एक कुटुंब रस्त्यावर आले. नवरा, बायको आणि अंगावर पिणारे बाळ. आम्ही त्यांना खोलीत घेतले. पाच रात्री ते आमच्याकडे होते. नवरा खोकत होता. थंडीचा खोकला असेल असे आम्ही धरून चाललो. सहाव्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात नेले, थुंकी तपासली आणि क्षयरोग निघाला. औषध सुरू झाले. शिमग्याला ते गावी गेले, तेव्हा पुढचे औषध तिथल्या आरोग्य केंद्रात मिळेल अशी सोय करून दिली. आम्हाला वाटले, काम चांगले झाले.

मार्चमध्ये आमच्या मुलीला ताप येऊ लागला. ती चार वर्षांची होती. जेवण सुटले, वजन उतरले. तपासण्या झाल्या आणि तोच आजार निघाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "घरात रुग्ण होता तेव्हा मुलीची तपासणी का करून घेतली नाही?" पाच वर्षांखालची मुले रुग्णाच्या सहवासात आली असतील तर त्यांना तपासतात आणि आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. आम्हाला हे माहीत नव्हते. आमची मुलगी त्यांच्या घरची नाही, त्यामुळे तिची नोंद झाली नव्हती, आणि आम्हीही ते सांगितले नाही. दुसऱ्यांचे कागद आम्ही भरत होतो आणि आपल्या लेकराचा कागद राहून गेला. ती चूक आमची होती.

सासूबाई गावाहून आल्या. आठ दिवस त्यांनी नातीला मांडीवरून खाली ठेवले नाही. मग एका रात्री म्हणाल्या, "तुम्हाला पाचारण झालंय, तुम्ही सेवा करा. पण लेकरांचा काय गुन्हा? त्यांना कुणी विचारलं होतं?" आमच्या दोघांकडेही उत्तर नव्हते. बंधुभगिनींनो, खरे सांगते, आजही पूर्ण उत्तर नाही.

आम्ही निघायचे ठरवले. भांडी खोक्यात भरली. यजमानांनी गावाकडच्या नोकरीसाठी अर्ज केला. मी प्रार्थनेला बसायचे, पण शब्द यायचे नाहीत. त्या दिवसांत आम्हाला सांभाळले ते खालच्या मजल्यावरच्या खालांनी. त्या मुसलमान आहेत, वय सत्तरच्या पुढे. रोज मुलीसाठी एक अंडे उकडून वर पाठवायच्या. दवाखान्याच्या दिवशी धाकट्याला स्वतःजवळ ठेवून घ्यायच्या. आम्ही शेजाऱ्यांची सेवा करायला आलो होतो, आणि शेजारीण आमची करत होती.

ईस्टरच्या आठवड्यात ती मोखाड्याची बाई आली. नवरा गावी औषध घेत होता, म्हणून ती भावाबरोबर कामाला परतली होती. आमच्या घरची बातमी तिला साइटवर कळली. ती दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "ताई, माझ्या माणसाचंच पोरीला लागलं ना?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनाही सांगता येत नाही. इथे इतकी दाटी आहे, कुठूनही लागू शकतं."

ती काही बोलली नाही. कमरेची पिशवी सोडून तिने माझ्या हातात दिली. आत नागलीचे पीठ होते, दोन-अडीच किलो असेल. एप्रिलमध्ये आमच्याकडच्या घरात किती नागली उरते हे मला ठाऊक आहे. ती जगायला आली होती, आणि घरात शिल्लक होते ते आमच्यासाठी घेऊन आली होती. मग ती आत आली, चुलीपाशी बसावे तशी गॅसपाशी बसली आणि तिने पेज केली. मुलीने दोन वाट्या प्यायल्या. कितीतरी दिवसांनी तिने स्वतःहून मागून घेतले. मी याला चमत्कार म्हणत नाही. औषध लागू पडायची वेळही तीच होती. पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी खोक्यातून दोन पातेली बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हिला जेवायला थांबव."

आम्ही राहिलो. कायमचे नाही. दर ईस्टरला आम्ही दोघे बसतो आणि आणखी एक वर्ष राहायचे का ते ठरवतो. त्या बसण्यात आता मुलीलाही विचारतो. उपचार सहा महिने चालले. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. एकही दिवस चुकवला नाही. आज ती शाळेत धावण्यात पहिली येते.

काही नियमही केले. खोकणाऱ्या माणसाला आधी दवाखान्यात न्यायचे, मग घरात घ्यायचे. मुलांचे वजन दर महिन्याला वहीत लिहायचे. सोमवार कुटुंबाचा. त्या दिवशी कागद नाहीत, वर्ग नाही. पूर्वी असे नियम मला विश्वासाची कमतरता वाटायचे. आता वाटते, देवाने आम्हाला गरिबांची लेकरे सोपवली त्याआधी ही दोन सोपवली आहेत.

तुम्ही आम्हाला पैसे पाठवता, त्याबद्दल मनापासून आभार. आज आणखी एक मागते. तुमच्या चर्चजवळ कुठे बांधकाम चालू असेल तर दिवाळीनंतर एकदा तिथे जा. मुले दिसली तर विचारा, गाव कोणते, शाळेत जातात का. चर्चचा हॉल आठवडाभर बंद असतो. तो दिवाळी ते शिमगा दुपारी मुलांसाठी उघडता येईल का, हे तुमच्या पाळकसाहेबांशी बोला. आणि दवाखान्यात एखाद्या बाईबरोबर रांगेत उभे राहायला एक सकाळ द्या.

प्रार्थनेसाठी तीन विषय देते. मोखाड्याचा तो भाऊ बरा झाला आहे, पण कामाचा पहिल्यासारखा जोर राहिलेला नाही. गेल्या मोसमात वर्गात येणारी दोन भावंडे शिमग्यानंतर परतली नाहीत. ती कुठे आहेत हे आम्हाला अजून कळलेले नाही. आणि सासूबाईंचा तो प्रश्न. तो आमच्या घरात जागा राहावा, म्हणजे आम्ही सावध राहू.

देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो.