झीज आणि अपघात



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला शब्द पारखून वापरावयास शिकविले. म्हणून आज दोनच शब्दांविषयी बोलणार आहे. विषय मात्र कारखान्यातला, उतारवयात राबणाऱ्या माणसाचा आहे.

तुकोगंजात आमचे बालपण मालवा मिलचा भोंगा ऐकत गेले. माझ्या एका वर्गमित्राचे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. घरी ते इतक्या मोठ्याने बोलत की आम्ही मुले दबकून असू. ते रागीट नव्हते. त्यांचे कान गेले होते. धोट्यांच्या खडखडाटात माणसे ओठांवरून बोलणे ओळखतात, तीच सवय त्यांना घरीही लागली होती. पंचावन्नाव्या वर्षी सारे त्यांना कसलेला कारागीर म्हणत. मागून येणारी हातगाडी मात्र त्यांना ऐकू येत नसे. एकदा तिच्या धक्क्याने घोटा मोडला. नोंद झाली ती घोट्याची, कानांची नाही.

क्षणात घडतो तो अपघात; तीस वर्षे घडत राहते ती झीज. अपघाताचा पंचनामा होतो. झिजेला आपण चंदनाची उपमा देऊन हार घालतो. निरोपसमारंभांत ही उपमा मीही अनेकदा वापरली आहे. आता जीभ अडखळते. चंदन काही आपण होऊन सहाणेवर चढत नाही.

कापसाच्या धुळीचेच पाहा. कार्डखात्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी आवळते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून तो दुर्लक्ष करतो. पुढे ते आवळणे रोजचे होते आणि नोकरी सुटली तरी दम भरून येत नाही. बिसिनोसिस हे या रोगाचे नाव; १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत ते होते. पण वेळेवर तपासणार कोण? दम लागला की ‘वय झाले’ हे उत्तर तयारच असते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये, हे त्या अधिनियमाने बजावले. साठीकडे झुकलेल्यासाठी तसा विचार दिसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनी चाळिशीपुढील कामगारांची वार्षिक मोफत तपासणी आणली. उशिरा का होईना, चांगले झाले.

उशीर इंदूरला नवा नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकीत देण्यांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. चाळिशीतला माणूस तोवर बहात्तरीला पोहोचला. मधल्या काळात ज्याला पहारेकरी किंवा हमाल व्हावे लागले असेल, त्याचा अनुभव साच्यापाशीच राहिला. अनुभव माणसाला सांभाळतो, पण ज्या यंत्राशी तो जडला त्याच यंत्रापाशी. नव्या कामात शरीर जुने आणि हात शिकाऊ, अशी त्याची गत होते. आणि ‘एवढे वय झाले, कळत नाही?’ हे वर ऐकावे लागते.

मघाशी आत येताना या व्याख्यानाचा फलक बांधणारे गृहस्थ शिडीवर उभे दिसले. साठी उलटलेली. मी शिडी धरली, तर ते संकोचून म्हणाले, “असू द्या सर, तीस वर्षं चढतोय.” फलक बांधून होईपर्यंत मी शिडी सोडली नाही, म्हणून व्याख्यानास पाच मिनिटे उशीर झाला. मुख्याध्यापकांनी क्षमा करावी, आणि पुढील वर्षी शिडी धरावयास एखादा तरुण माणूस द्यावा.