कोटेशनवर लक्स लिहा



स्वागत समितीच्या वतीनं नागपुरात राज्यभरातून आलेल्या विद्युत कंत्राटदार, वायरमन, दिवे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या तुम्हा सर्व सहकाऱ्यांचं मनापासून स्वागत करतो. कोकणातून, खानदेशातून रात्रभर प्रवास करून मंडळी आली आहेत. राहण्या-जेवणात काही कमी पडलं तर हक्कानं सांगा. समितीचे कार्यकर्ते दोन्ही दिवस इथंच आहेत.

बाहेरच्या दिव्यांची परिभाषा हा विषय आम्ही ठरवला तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारलं, यात अधिवेशन भरवण्यासारखं काय आहे? मला वाटतं, आपल्या धंद्यातले बरेच तंटे इथंच सुरू होतात. गिऱ्हाईक विचारतं, “किती वॅटचा?” आपण म्हणतो, “शंभरचा.” झाला व्यवहार. पण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो एवढंच. उजेड किती देतो ते ल्युमेनवरून कळतं. १०० वॅटची एक फिटिंग वॅटमागे ९० ल्युमेन देते, दुसरी १४०. एकीचे ९,००० ल्युमेन, दुसरीचे १४,०००. दोन्ही कोटेशनांवर नुसतं ‘१०० वॅट एलईडी’ लिहिलेलं असेल तर गिऱ्हाईक स्वस्तातली उचलणार. चांगला माल देणारा आपलाच माणूस त्यात मार खातो, याचं मला फार वाईट वाटतं.

दिव्यातून ल्युमेन निघतात. जमिनीवर पोचतात त्यांचा हिशेब लक्समध्ये होतो. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. रस्त्यांच्या दिव्यांसाठी आयएस १९४४ या भारतीय मानकात ए-१ वर्गाच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, ए-२ ला १५ लक्स सांगितले आहेत. त्याच तक्त्यात शेजारी समानतेचा आणखी एक आकडा आहे, ०.४. सर्वांत अंधाऱ्या जागीसुद्धा सरासरीच्या निदान चाळीस टक्के उजेड हवा, असा त्याचा अर्थ. हा आकडा आपण वाचतच नाही.

बुटीबोरीकडच्या एका गोदामाच्या आवारात रात्री लक्समीटर घेऊन मी फिरलो होतो. खांबाखाली ६२ लक्स, दोन खांबांच्या मधोमध ३. कागदावर सरासरी उत्तम होती. पण मागे येणाऱ्या ट्रकला हात दाखवणारा हमाल नेमका त्या तीन लक्समध्ये उभा होता, आणि लखलखाटातून आलेल्या ड्रायव्हरला तो आरशात दिसत नव्हता. तिथं वॅट वाढवून काही साधलं नसतं. उजेड रुंद पसरवणारी लेन्स घातली, आणि त्याच खांबांवर, त्याच विजेत तो माणूस दिसू लागला. माझ्या मते ०.४ हा आकडा त्या हमालासाठी आहे.

आता आयपी, म्हणजे फिटिंगचं धूळ-पाण्यापासून संरक्षण. आयपी ६६ मधला पहिला ६ धुळीचा, दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. कारखान्यातून आयपी ६६ म्हणून निघालेली फिटिंग आपण केबल ग्लँड सैल ठेवून दोन मिनिटांत वाया घालवतो. तापलेली फिटिंग पहिल्या सरीत गार होते, आतली हवा आकसते आणि त्या फटीतून ओल आत ओढली जाते. मग काचेवर आतून दव, पाखरांचा खच, आणि दोष कंपनीला.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दिवे लागतात तेव्हाही हवा तापलेलीच असते. म्हणून फिटिंगवरचं ‘टीए’ वाचा. किती तापमानाच्या हवेत ती चालेल ते तिथं लिहिलेलं असतं. ३५ अंशांची फिटिंग इथं लावू नका, ५० ची मागा. एल-७० च्या ५०,००० तासांबद्दलही गिऱ्हाइकाशी स्पष्ट बोला. रोज बारा तासांच्या हिशेबानं ती अकरा वर्षं होतात खरी, पण तेवढ्यात एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर उतरतो, इतकंच ते सांगतं. एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरची हमी त्यात नाही, आणि खांबावरचा दिवा बंद पडतो तो बहुतेकदा ड्रायव्हरमुळेच.

केल्विनबद्दल मी थोडा आग्रहानं बोलणार आहे. आकडा चढतो तसा उजेड पांढरा, निळसर होत जातो: २७०० पिवळसर, ६५०० निळसर पांढरा. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी लागले, तेव्हा मुंबईकरांनी केवढी ओरड केली ते तुम्हाला आठवत असेल. ती ओरड रास्त होती. रंगाइतकीच उजेडाची दिशाही महत्त्वाची. आपल्या नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखणारं क्षेत्र, ठरला. त्यासाठी भोवतालच्या गावांमधले दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवण्यात आले. ते काम आपल्यासारख्याच हातांनी झालं, याचा मला अभिमान आहे. आभाळाकडे गेलेल्या उजेडाचं बिलसुद्धा मालकच भरतो. तेव्हा फिटिंग घेताना वरच्या बाजूला किती उजेड सांडतो तेही विचारत चला.

माझी एक विनंती आहे. या अधिवेशनातून परत गेल्यावर पहिलं जे कोटेशन द्याल, त्यावर वॅटच्या खाली ल्युमेन, सरासरी लक्स आणि समानता, केल्विन, आयपी आणि टीए एवढं लिहा. गिऱ्हाईक विचारील, हे काय? त्याला पाच मिनिटं बसवून समजावून सांगा. मागच्या मैदानावर दोन खांब उभे करून आम्ही लक्समीटर ठेवले आहेत; उद्या संध्याकाळी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं मोजून बघावं. अध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.