विक्रम कुणाच्या गावाचा?



मागच्या वेळी आम्ही पुण्याच्या शीतल महाजन यांची माहिती सांगितली होती. २००४ साली त्यांनी आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये नऊवारी नेसून थायलंडच्या आकाशातून त्या खाली आल्या. त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. नऊवारीचा काष्टा वाऱ्यात सुटला कसा नाही, हे विचारणाऱ्या जास्त होत्या. पण एका ताईंनी वेगळंच विचारलं. "उडी थायलंडात मारली, मग ती आपली कशी? थायलंडची का नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या क्रीडा मेळाव्यात गेल्या वर्षी जो तंटा झाला, तो याच प्रश्नावरून झाला होता. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

विमान, फुगे, पॅराशूट अशा हवेतल्या खेळांचे विक्रम नोंदवणारी एक जागतिक संघटना आहे. एफएआय म्हणतात तिला. १९०५ साली ती स्थापन झाली आणि आज तिची कचेरी स्वित्झर्लंडमध्ये लोझान गावी आहे. तिच्या दप्तरात जगाचा विक्रम वेगळा, खंडाचा वेगळा आणि देशाचा वेगळा. खेळाडूला आपापल्या देशाच्या संघटनेकडून क्रीडा परवाना घ्यावा लागतो. परवाना ज्या देशाचा, त्या देशाची खेळाडू. उडी कुठल्या आभाळातून मारली, यावर ती कुणाची हे ठरत नाही. आणि उत्तर ध्रुव तर कुणाच्याच तालुक्यात येत नाही!

एकटीची उडी असेल तर इथवर सोपं आहे. घोळ सुरू होतो तो घोळक्याच्या उडीत.

घोळक्याची उडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. अनेक विमानं एकमेकांच्या जवळून उडतात आणि त्यांतून बाया एकामागून एक बाहेर पडतात. पॅराशूट उघडण्याआधी साधारण मिनिटभर मिळतं. त्या वेळात ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असताना एकमेकींचे हात किंवा पाय धरून आभाळात मोठं फूल करायचं. ते फूल कसं असेल, कोण कुठे असेल, कोण कुणाला धरेल, याचा आराखडा आधीच पंचांकडे द्यावा लागतो. चित्रण बघून पंच एकेक पकड तपासतात. एकीचा हात जरी पोचला नाही, तरी आराखडा पुरा झाला नाही म्हणून ती उडी विक्रमात धरत नाहीत. फुगडीत एकीचा हात सुटला की दोघी पडतात. इथे एकीचा सुटला की दीडशेजणींची मेहनत जाते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पेरिस नावाचं गाव आहे, फ्रान्सचं नव्हे. तिथे २००२ साली १३१ बायकांनी असं फूल केलं, २००५ साली १५१ जणींनी आणि २००९ साली १८१ जणींनी. त्यात तीसएक देशांतल्या बायका होत्या. स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा म्हणून त्या जमल्या होत्या. स्त्री-पुरुष मिळून झालेलं मोठं फूल ४०० जणांचं. ते २००६ साली थायलंडमध्ये उदोन थानी इथे झालं आणि सव्वाचार सेकंद टिकलं. आपण एक उसासा टाकेपर्यंत तेवढा वेळ जातो.

हे झाले जगाचे विक्रम. तिथे रहिवासाचा प्रश्न येत नाही. जगात सगळेच राहतात. पण अमेरिकेत राज्याराज्यांचेही विक्रम असतात. तिथल्या पॅराशूट संघटनेकडे त्यांची नोंद होते. एखाद्या राज्यातल्या बायकांनी ठरवलं की आपण चाळीसजणींचं फूल करू, की लगेच विचार करावा लागतो: चाळीसजणी आणायच्या कुठून?

कारण ही कला सोपी नाही. अमेरिकेत पहिला परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात आणि सगळ्यांत वरचा मिळायला ५००. मोठ्या फुलात घेताना आयोजक आणखी पारखून घेतात. उशिरा पोचणारी, जोरात येऊन धडकणारी, अशा बायांना गाळतात. एवढ्या तयारीच्या चाळीसजणी लहान राज्यात मिळणं कठीण. शेजारच्या राज्यातल्या पाचजणी यायला तयार असतात, रोज सरावही त्याच मैदानावर करतात. त्यांना घ्यायचं की नाही?

आता तुम्हीच नियम करायला बसा. आम्ही आमच्या बैठकीत बसलो होतो आणि दोन तास चहा गार होत राहिला.

पहिली म्हणाली, आभाळ बघा. आपल्या हद्दीत उडी झाली तर विक्रम आपला, माणसं कुठलीही असोत. हे मोजायला सोपं आहे. पण मग श्रीमंत मैदानवाला जगभरच्या पटाईत बायका बोलावेल, फूल करेल आणि गावातली एकही बाई त्यात नसेल. फलकावर नाव मात्र गावाचं.

दुसरी म्हणाली, माणसं बघा. सगळ्या इथल्याच हव्यात. हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण 'इथली' म्हणजे कोण? इथे जन्मलेली? इथे राहणारी? किती दिवसांपासून राहणारी? शिकायला आलेली मुलगी? लष्करात नोकरी असलेली आणि दर तीन वर्षांनी बदली होणारी बाई? अमेरिकेत उत्तरेकडे थंडी कडाक्याची, म्हणून हे खेळाडू हिवाळ्यात फ्लोरिडा आणि अॅरिझोनाकडे जातात. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे. त्यांचं घर कुठलं म्हणायचं?

तिसरीनं मधला मार्ग सुचवला. बहुतेक जणी इथल्या, थोड्या पाहुण्या. पण मग लगेच दुसरा वाद: थोड्या म्हणजे किती? आणि शेवटचा हात पाहुणीनं धरला म्हणून फूल पुरं झालं असेल तर?

जन्मावर नियम बांधला की काय होतं, त्याचा एक जुना दाखला क्रिकेटमध्ये आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. त्यांच्या संघाचा वर्षानुवर्षं शिरस्ता होता की यॉर्कशायरच्या हद्दीत जन्मलेलाच खेळाडू घ्यायचा. तिथे गमतीनं सांगतात की बापाला पोरगा क्रिकेटपटू व्हावा असं वाटलं, तर दिवस भरलेल्या बायकोला घाईघाईनं हद्दीच्या आत आणत. गंमत अशी की त्याच संघाचे गाजलेले जुने कप्तान लॉर्ड हॉक यांचा जन्म शेजारच्या लिंकनशायरमधला. मोठ्या माणसाला नियम वाकतो, हे तिकडेही आहेच. शेवटी हा शिरस्ता मोडला आणि १९९२ साली परदेशातला पहिला खेळाडू त्या संघाकडून खेळला. तो होता आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर, वय वर्षं १९.

आता हाच जन्माचा नियम आपल्याकडे लावून बघा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे निम्म्या गावाची थोरली लेकरं आईच्या माहेरच्या गावची ठरतील! आणि सुना? एकही सून सासरच्या गावाकडून खेळू शकणार नाही. नियम करणाऱ्याच्या मनात बायका नसल्या की नियम असा होतो.

कागदाच्या बाबतीत हे आपण भोगलेलंच आहे. महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढायचा तर साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा सुरुवातीला अधिवास दाखला मागितला आणि बायांच्या रांगा लागल्या. मग सरकारनं सवलत दिली. १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांतलं काहीही चालेल असं ठरलं. जी बाई परराज्यात जन्मली आणि लग्न करून इथे आली, तिच्यासाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल असंही ठरलं. कर्नाटक, तेलंगणा, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावांत अशा सुना किती आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. सवलत चांगलीच झाली. तरी आमच्यातल्या एकीनं विचारलं ते बरोबर होतं: वीस वर्षं याच शेतात राबले, आणि मी इथली आहे हे सिद्ध करायला कागद मात्र नवऱ्याचा?

तर आता आपल्या मेळाव्याकडे येऊ. गेल्या वर्षी रस्सीखेचीच्या अंतिम सामन्यात एका गावाच्या संघात तीन माहेरवाशिणी होत्या. समोरच्या गावानं हरकत घेतली. आरडाओरडा झाला, ढाल तशीच कपाटात राहिली आणि दोन्ही गावांच्या बाया महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुणाची चूक, हे आम्ही ठरवणार नाही, कारण नियमच लिहिलेला नव्हता.

एक सूचना अशी आली की सलग सहा महिने गावात राहिलेलीच बाई खेळेल. ऐकायला सरळ आहे. पण आपल्याकडच्या किती बाया दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात? त्यांचं घर इथे, रेशन इथे, गटाची बचत इथे, आणि सहा महिन्यांच्या नियमानं त्याच बाहेर. ज्यांच्या दंडात सगळ्यांत जास्त जोर आहे, त्यांनाच दोरीला हात लावता येणार नाही.

म्हणून आम्ही प्रभागसंघापुढे असं मांडणार आहोत. किती दिवस राहिली हे मोजायचं नाही. गावातल्या बचत गटाच्या हजेरीवहीत जिचं नाव आहे, ती त्या गावाची. सून, एकटी राहणारी, परित्यक्ता, माहेरी परतलेली, कोयत्यावर जाणारी, सगळ्या त्यात येतात आणि कुणालाच नवऱ्याचा कागद लागत नाही. जी कुठल्याच गटात नाही, पण गावात राहते, तिच्यासाठी गटातल्या दोघींनी सही करायची. माहेरवाशिणीला हवं तर माहेराकडून खेळता येईल, पण मग त्या वर्षी सासरकडून नाही. संघातली नावं महिनाभर आधी लिहून द्यायची, आभाळातल्या त्या फुलासारखी. त्यानंतर बदल करायचा तर फक्त आजारपण किंवा बाळंतपणासाठी, आणि तोही आधीच दिलेल्या राखीव यादीतून.

राहिली तारीख. दरवर्षी आपण ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला मेळावा घेतो. त्या दिवशी कोयत्यावरच्या बाया फडात असतात, त्यामुळे नियम कितीही चांगला केला तरी त्यांना येता येत नाही. जयंतीला व्याख्यान आणि रांगोळी ठेवावी आणि खेळ अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात घ्यावेत, असं आमचं मत आहे. त्यावर सखूबाईंनी लगेच हटकलं, "तेव्हा तर सगळ्या लेकी माहेरी येतात, मग भांडण आणखी वाढेल." वाढेलही. पण तेव्हा सगळ्या हजर तर असतील.

तुमच्या गटाचं म्हणणं लिहून ग्रामसंघाच्या सचिवताईंकडे द्या. माहेरवाशिणींच्या कलमावर दोन मतं असतील तर दोन्ही लिहा. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत सगळी पत्रं वाचून दाखवू आणि तिथे जे ठरेल, ते याच वेळी रेडिओवरून सांगू.